सुनेला बरं म्हटलं, तर डॉक्टरला फोन

डीमन, ॲमस्टरडॅमच्या शेजारी
अधिक ज्येष्ठ, वद्य पक्ष (तिथी अवनीच्या फोनात असते, आणि फोन अवनीबरोबर शाळेत गेलाय)

अहो विहीणबाई मंजूषाताई,

तुम्हाला आणि व्याह्यांना द्वारकेचा नमस्कार. नमस्कार उभ्यानेच करते, वाकून नाही. वाकण्यावरून या घरात परवा काय झालं ते पुढे येईलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? व्याही सकाळचे फिरायला जातात, की अजून बूट घालून गॅलरीत पेपरच वाचतात? आम्ही इकडे सगळी खुशाल आहोत. मीही खुशाल आहे, आणि हे यावेळी शपथेवर लिहिते, कारण माझ्या खुशालीवरून गेल्या रविवारी इथे मोठा गोंधळ झाला. तो उत्तराच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्या हातून जावा म्हणून हा उद्योग मांडलाय. फोन केला असता, पण मला फोन तुमची लेकच लावून देते आणि समोर बसून ऐकते. पत्र यशोधनचा मित्र श्रीनिवास घेऊन येईल. तो हूफडॉर्पला राहतो, विमानतळाला खेटून, तरी त्याचं विमान चुकतं. या खेपेला मिळालं असेल तर हे तुमच्या हातात आहे. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे वेलांट्या तुमच्या तुम्ही सांभाळून घ्या.

सुरुवात केली आपल्या नातीनं. अवनीचं तुम्हाला माहीतच आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत, राग आला की डच. (आणि काही अवघड सांगायचं असलं की मराठी. हे तुम्हाला माहीत नसेल, कारण फोनवर ती तुम्हाला अवघड काही सांगत नाही.) त्या दिवशी जेवताना उत्तरानं भरीत केलं होतं. मी म्हटलं मीठ कमी आहे. मीठ कमीच होतं. त्यावर यशोधन म्हणाला, आई, कधीतरी चांगलं म्हण की गं. तेवढ्यात पोरगी ताटातून मान वर न करता म्हणते, "आजी? वन्स इन अ ब्लू मून!" सगळे हसले. यशोधन ठसका लागेपर्यंत हसला. मी त्याला विचारलं, काय म्हणाली रे? तर "काही नाही गं आई." माझ्या मुलाला येतं तेवढं इंग्रजी कुणाला येत नसेल, पण त्याचं मराठी तो "काही नाही गं आई" एवढंच करतो. एप्रिलात डॉक्टर माझ्याविषयी त्याच्याशी केवढा वेळ बोलत होता, त्याचंही त्यानं एवढंच मराठी केलं. एप्रिलचं पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी अवनीच्या डोक्याला तेल लावायला बसले. तेल लावताना मूल पळू शकत नाही, तेव्हा विचारायचं ते विचारून घ्यावं. ती म्हणाली, आजी, म्हणजे फार क्वचित होणारी गोष्ट. मी म्हटलं, त्यात निळा चंद्र कशाला? निळा होतो का तो? तर नाही, निळाबिळा काही होत नाही. इंग्रजी महिन्यात पौर्णिमा एकच यायची. पण दोन-तीन वर्षांतून एखादा महिना असा निघतो की त्यात दोन बसतात. त्या दुसरीला ते ब्लू मून म्हणतात, आणि जे काम इतक्या दिवसांनी होतं त्याला "वन्स इन अ ब्लू मून". (आपला महिनाच चंद्राच्या मापानं शिवलेला, त्यामुळे त्यात दोन पौर्णिमा कोंबायची सोय नाही. आपल्याकडे जास्तीचं झालं की आपण सरळ एक महिना वाढवतो. इंग्रज काटकसरी, त्यांनी चंद्रावरच भागवलं.)

मग ते वापरायचं कसं तेही तिनं शिकवलं. फार कडक मास्तरीण आहे हो. मी म्हटलं, तुझा बाप मोजे जागेवर ठेवतो, ब्लू मून? म्हणाली, "नो आजी, दॅट इज नेव्हर." जे होतं, पण क्वचित होतं, त्यालाच हे लावायचं. जे होतच नाही त्याला नाही लावायचं. म्हटलं, बरं. इथं ऊन पडतं? म्हणाली, ते अधूनमधून पडतं, त्याला "समटाइम्स". खालची योहाना न कळवता वर येते? "नेव्हर!" (इथे शेजारणीकडे जायचं तर आधी कळवावं लागतं, मग ती वही बघून पुढच्या आठवड्यातली वेळ देते. साध्या चहाला हो, बाळंतपणाला नाही.) आणि गेल्यावर योहाना बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा पुढे करते? पोरगी खूश झाली. "येस आजी! ब्लू मून!" म्हटलं, चला, आलं मला. मग मी सहज, अगदी सहज विचारलं, आणि मी तुझ्या आईला चांगलं म्हणते ते?

पोरगी हसली असती तर मला चाललं असतं, पण ती विचार करायला लागली. मग सावकाश, मराठीत म्हणाली, "आजी, ते मी जोक केला. ते खरं म्हणजे नेव्हर आहे."

तुम्ही म्हणाल त्यात काय, सासूनं सुनेला चांगलं म्हणायचं असतं असं कुठं लिहिलंय? मीही तेच म्हणाले असते, गेल्या वर्षी विचारलं असतंत तर. पण आता तुम्हाला एप्रिलचं सांगते. उत्तरा एप्रिलात तुमच्याकडे यायची होती. तिकीट काढलेलं होतं. तुम्ही गाद्या उन्हात घातल्या होत्या, आणि तिच्यासाठी कैऱ्यांचा तक्कू घालून ठेवला होता. (तुमच्या तक्कूत गूळ जास्त असतो, पण ते असो.) मग तिनं तुम्हाला फोन करून सांगितलं की रजा मिळाली नाही, आणि तुम्ही तिच्या ऑफिसाला नावं ठेवलीत. ऑफिसाचा काही दोष नाही, विहीणबाई. रजा मिळाली होती. ती माझ्या उशाशी बसून संपली.

झालं असं की एका सकाळी तिनं पोह्यांची ताटली माझ्यापुढे ठेवली आणि मी काहीच बोलले नाही. पोहे कोरडे होते, तरी नाही. तुमची लेक दोन पावलं गेली आणि परत आली. म्हणाली, आई, पोहे कसे झालेत? मी सांगायला गेले तर जीभ वळेना. म्हणाली, दोन्ही हात वर करा. उजवा गेला, डावा मांडीवरून उठेना. एरवी कुणालाही वाटलं असतं, म्हातारी आज गप्प आहे, देव पावला. तिनं मात्र आधी फोन केला आणि मग घाबरली. गाडी आली, मला खुर्चीत बसवून खाली नेलं, नळ्या लावल्या, आणि डोक्यातली रक्ताची गाठ वेळेत विरघळली. डॉक्टर काय म्हणाला ते यशोधन "काही नाही गं आई" म्हणाला. अवनीनं खरं सांगितलं, की अजून थोडा उशीर झाला असता तर आजी बोलली नसती. कधीच. मग तुमच्या लेकीनं तिकीट रद्द केलं. तुम्हाला काळजी नको आणि तुमच्या मनात माझ्याविषयी किल्मिष नको, म्हणून ऑफिसावर ढकललं. रोज माझ्या डाव्या हातात कणकेचा गोळा देऊन दाबायला लावायची. मी म्हणायचे कणीक सैल आहे. ती म्हणायची, असू दे, दाबा.

आता हात चालतो. जीभ तर चालतेच. डॉक्टरनं विमान इतक्यात नको म्हटलं म्हणून मुक्काम वाढवून घेतला, त्याचे कागद यशोधननं केले. (काहीतरी केलं म्हणायचं.) पण या सगळ्यात मी उत्तराला एक शब्द चांगला बोलले नाही. इथे लोक ट्राममधून उतरताना ड्रायव्हरला "डांक यू वेल" म्हणतात, दुकानात सुटे पैसे दिले तर म्हणतात, दार धरलं तर म्हणतात. मीही म्हणते, ड्रायव्हरला म्हणताना काही जड जात नाही. घरी आले की जीभ मिठाकडे वळते. आमच्या गावी नीरेला घरच्या माणसाचे आभार मानले तर त्याला वाटायचं आता हिला काहीतरी हवंय.

आणि त्या नेव्हरनंतर दोनच दिवसांत अवनी फोन घेऊन धावत आली. या रविवारी महिन्याची शेवटची तारीख आणि दुसरी पौर्णिमा! खरा ब्लू मून! मी म्हटलं, मेले, तो आपला अधिक आहे. धोंड्याचा महिना. म्हणजे बघा, त्यांचा चंद्र आणि आपला महिना एकमेकांना येऊन भेटले. पुढचा यायला वर्षं लागणार, आणि माझ्या वयात चंद्र उधारीवर घेऊ नये. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे आणि वर दिवा. मी विचार केला, तुमच्या जावयानं असं काय केलंय? मीच त्याला वाढवलाय, मला माहीत आहे. वाण उत्तराला द्यायचं. सासूनं सुनेला वाण द्यायची रीत नाही हे मलाही कळतं. पण नेव्हरचं ब्लू मून करायचं तर कुठली तरी रीत मोडावीच लागते.

अनारसे मी करणार हे कुणाला सांगितलं नाही. तांदूळ सुरिनामी दुकानातून आणला, आपलं सामान इथं तिथंच मिळतं. तुकडा होता, पण जुना निघाला. तीन दिवस भिजवला, पाणी बदललं, उत्तरा ऑफिसात असताना गॅलरीत चादरीवर पसरला. आपल्याकडे चिमण्या येतात, दोन दाणे खातात, जातात. इथं समुद्रावरचे पांढरे पक्षी येतात, कोंबड्याएवढे. मी हुसकायला गेले तर एकजण चादरीचा कोपराच घेऊन उडाला आणि निम्मे तांदूळ खाली योहानाच्या डोक्यावर. ती ऊन खात बसली होती. (त्या दिवशी समटाइम्स होतं.) पाच मिनिटांत ती दारात. न कळवता! केसांत तांदूळ. मला वाटलं भांडणार, तर विचारते, ह्यूवेलक? म्हणजे लग्न आहे का कुणाचं? अवनी शाळेतून आल्यावर तिला सांगितलं, तेव्हा तिनं योहानाचा निकाल नेव्हरवरून ब्लू मूनवर आणून दिला.

शेगडी म्हणजे इथं एक काळी काच. माझी गोल बुडाची कढई तिला चालत नाही, भांडं पसंत पडलं नाही की ती शिट्या मारते आणि बंद पडते. शेवटी उत्तराच्या चपट्या भांड्यात तूप तापवलं. खसखस मिळाली ती काळीनिळी. अनारसे डांबरात लोळवल्यासारखे दिसायला लागले. गूळही जरा जास्त पडला असावा. (तुमच्या तक्कूचा गुण.) पहिला तुपात सोडला आणि तो हसला, म्हणजे फुटून विरला. दुसरा हसला. पहिला घाणा सबंध हसून हसून तुपाच्या तळाशी गेला. पीठ घालून मारून मुटकून बाकीचे जमवले. तेवढ्यात छताला लावलेलं धुराचं भोंगं कोकलायला लागलं, ते मी काठीनं गप्प केलं. ते अजून गप्प आहे.

रविवारी चंद्र उगवायला रात्रीचे दहा वाजणार होते. इथं उन्हाळ्यात दिवस संपता संपत नाही. तोवर कोण थांबतंय? संध्याकाळी सहा वाजता, डोळ्यांवर येणाऱ्या उन्हात मी पौर्णिमेचा बेत पार पाडायचं ठरवलं. उत्तराला म्हटलं, खुर्चीवर बस. ती बसली. तिला वाटलं कणकेचा गोळा दाबून दाखवतेय. मी कुंकू लावलं, ताट हातात दिलं, आणि अधिकात जावयाला नारायण समजून वाकतात तशी मी तिच्या पायाशी वाकले.

आता सांगा, सासू आपल्या पायाशी येते आहे म्हटल्यावर सुनेला काय वाटेल? ती पडते आहे! ताट उडालं, दिवा विझला, डांबरी अनारसे खोलीभर. तुमच्या लेकीनं मला काखेत धरून वर ओढलं, यशोधननं पाय धरले. (ते धरायची काही गरज नव्हती, मी उभी होते.) "आई, हात वर करा! दोन्ही! हसून दाखवा!" मी म्हटलं, अगं सोड, मला काही झालं नाही, मला तुला चांगलं म्हणायचं आहे. ती पांढरी पडली. मी म्हटलं, तू पोरगी गुणाची आहेस, तू होतीस म्हणून मी आहे. झालं. ती किंचाळली, "यशो, फोन लाव!"

रविवारी आपला नेहमीचा डॉक्टर नसतो, सुट्टीच्या दिवसाच्या नंबरावर एक बाई बोलते. उत्तरा तिच्याशी इंग्रजीत, आणि अवनी माझ्या कानाशी बसून मोठ्यानं मराठी करत होती. (बापापेक्षा शंभर पटीनं बरं करते.) बाईनं विचारलं, बोलण्यात फरक पडलाय का? उत्तरा म्हणाली, हो, एकदम पडला. बोबडं बोलतात का? नाही, स्वच्छ बोलतात. मग फरक काय? उत्तरा म्हणाली, "त्या मला चांगलं म्हणताहेत." बाईनं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, आज वार काय ते विचारा. मी म्हटलं, रविवार, अधिक ज्येष्ठातली पौर्णिमा. यशोधननं कपाळाला हात लावला, "ज्येष्ठ? आई, मे चाललाय!" पंचांगाचा गंध नाही मेल्याला. मग बाईनं विचारलं, चांगलं बोलणं हे त्यांच्या बाबतीत नेहमीचं नाही का? आणि इथं तुमची लेक माझ्याकडे बघून अडली. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. अवनीनं तिच्या हातातून फोन घेतला आणि ठणकावून सांगितलं, "वन्स इन अ ब्लू मून!"

बाई इतकी हसली की फोनातून मलाही ऐकू आलं. हात वर करवले, बोटं मोजायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं, आणि डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या म्हणाली. (इथं कशावरही तेच देतात.) अवनीनं फोन ठेवला, माझ्याकडे वळली. "आजी, नाऊ इट इज करेक्ट. आता ते नेव्हर नाही."

उत्तरा जमिनीवर बसून अनारसे वेचत होती. एक तोंडात टाकला, म्हणाली, छान झालेत. मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, दगड झालेत. मग ती हसली, आणि उठून न्हाणीघरात गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. मला ती युक्ती माहीत आहे. आमच्या वेळी नळ नव्हते, मी गोठ्यात जायचे.

तर विहीणबाई, लेक कशी वाढवायची ते मला काही येत नाही, मला एकच झाला आणि तो कसा झाला ते तुम्ही बघताच. तुमची तुम्ही नीट वाढवलीत. हे तुम्हाला लग्नातच सांगायला हवं होतं, पण तेव्हा मी तुमच्या मठ्ठ्यावर बोलत होते. (पातळ होता.) आता सांगितलं. तुम्ही डॉक्टरला फोन करू नका.

व्याह्यांना नमस्कार, गुडघ्याला तेल लावा.

तुमची,
द्वारका

ता.क. खरं काम हे आहे. अधिक संपायला अजून थोडे दिवस आहेत. उत्तराला धोंड्याच्या जेवणाला बोलवा. एकटीला. जावयावाचून अडत नाही, दिवा आणि अनारसे तिच्यापुढे ठेवा. "आईंना सोडून कशी येऊ" म्हणेल, म्हणून सांगा की गुडघा फार दुखतो. तुम्ही तिच्याशी कधी खोटं बोललेल्या नाहीत, तेव्हा पटेल. इथं माझ्यापाशी अवनी आहे, रोज सकाळी हात वर करायला लावते आणि बोबडं वाटलं तर कुणाला फोन करायचा तेही तिला पाठ आहे. यशोधनही घरूनच काम करतो, त्याला मी बघेन.

ता.क. २. ती आली की तिच्या पोटात दोन घास जाऊ द्या, आणि मग मी वर जे लिहिलंय ते तिला तुम्ही सांगा. तू होतीस म्हणून मी आहे, हेच. तुमच्या तोंडून ऐकेल. माझ्या तोंडून ऐकलं की नाडी बघते. आणि महिनाभर ठेवून घ्या. (त्यापेक्षा जास्त नको. तो तुमचा जावई मोजे कुठं ठेवतो ते एकट्या तिलाच सापडतं.)

ता.क. ३. पाकीट बंद करत होते तोवर उत्तरा ऑफिसातून आली. काय लिहिताय, आई? म्हटलं, तुझ्या आईला तुझ्या तक्रारी कळवते आहे. भरीत, पोहे, कणीक, सगळं. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "आज अगदी बऱ्या दिसताय." आणि गाणं गुणगुणत चहा टाकायला गेली. आलं कमीच घालणार.